मोजणाऱ्यांनो, स्वतःलाही मोजा

फेब्रुवारी संपत आला की माझ्यासारख्या कार्यकर्त्यांचे फोन वाजू लागतात. बँका, कारखाने, कॉलेजं, सरकारी कचेऱ्या, सगळ्यांनाच ८ मार्चसाठी एक बाई हवी असते. यंदा फोन आला तो एका विज्ञान संशोधन संस्थेतून. संस्था माझ्या ओळखीची. लैंगिक छळविरोधी कायद्याखाली तिथं जी अंतर्गत तक्रार समिती आहे, तिची मी गेली तीन वर्षं बाहेरची सदस्य आहे. चिटणीस म्हणाले, "ताई, या वेळी विषय जरा वेगळा घेतलाय. विज्ञान संस्थांमधली विविधता आणि समावेशन. अर्धा तास बोला. फक्त फार टोकाचं नको, त्या दिवशी वातावरण आनंदाचं असतं."

गेले. दारात रांगोळी होती. आत येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात गुलाबाचं फूल दिलं जात होतं. व्यासपीठावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि प्रमुख पाहुणे. पाच पुरुष आणि सहावी मी. सूत्रसंचालन मात्र एका संशोधक बाईंकडे होतं. पंचवीस वर्षं प्रयोगशाळेत घालवलेल्या त्या बाई त्या दिवशी "आता मी विनंती करते" एवढंच पंधरा वेळा म्हणाल्या.

मी बोलले. मला कुणी अडवलं नाही. पण सांगायचं ते अर्ध्या तासात मावलं नाही आणि जे मावलं ते टाळ्यांत बुडालं. म्हणून मैत्रिणींनो, हा लेख.

त्या संस्थेच्या जिन्यावर कमला सोहोनींचा फोटो लावला आहे. राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला असतो. १९२८ साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून १९८७ पासून आपण तो पाळतो. त्यानंतर आठवड्याभरात ८ मार्च. या दोन दिवसांच्या मध्ये कमलाबाईंच्या फोटोला दोनदा हार पडतो, पण या दोन तारखांमधला संबंध कुणी सांगत नाही. तो सांगायला हवा.

१९३३ साली कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण, मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.च्या गुणवत्ता यादीत सगळ्यांत वर होती. तिनं बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. ती बाई आहे या एकाच कारणासाठी त्यांनी नकार दिला. ती नकार घेऊन घरी बसली नाही, थेट कारण विचारायला गेली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये.

या तिसऱ्या अटीकडे जरा नीट पाहा. लक्ष उडणार पुरुषांचं आणि जबाबदारी बाईची! ही अट घालणाऱ्या माणसाला तीन वर्षांपूर्वीच नोबेल मिळालं होतं. तेव्हा शिक्षण वाढलं की दृष्टी आपोआप बदलते, हे जे आपल्याला नेहमी सांगितलं जातं, ते खरं नाही. वर्षभरानंतर रामन यांना तिचं काम मान्य करावं लागलं आणि संस्थेची दारं बायकांना उघडली. १९३९ साली ती केंब्रिजची पीएच.डी. झाली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढे नीरा आणि कडधान्यं, म्हणजे गरिबांच्या आहारावर तिनं काम केलं.

आज अशा अटी कुणी लिहून देत नाही. पण त्या गेल्या आहेत का?

समितीपुढच्या तक्रारींबद्दल मी इथं एक शब्दही लिहिणार नाही. कायदा तसं करू देत नाही आणि ते योग्यच आहे. मी लिहिणार आहे ते जी कधीच तक्रार झाली नाही तिच्याबद्दल. त्या मुलीची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

ती मराठवाड्यातली. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली पहिली. त्या संस्थेत एका प्रकल्पावर सहायक म्हणून लागली. पगार प्रकल्पातून, नेमणूक अकरा-अकरा महिन्यांची. माझी बैठक संपली की ती कधी कधी चहाच्या टेबलापाशी भेटायची. एकदा सहज म्हणाली, "मॅडम, आमची चर्चासत्रं संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात. वसतिगृहाचं दार मुलींसाठी नऊला बंद. मुलांसाठी नाही." एकदा म्हणाली, "मोठ्या यंत्रावर आम्हा नव्यांना रात्रीची पाळी मिळते. सरांच्या गटातली मुलं आपसांत बदलून घेतात. मी कुणाशी बदलू?" पहिल्याच आठवड्यात तिला विचारलं गेलं होतं, "कुठल्या कोट्यातून?" प्रकल्पाच्या नेमणुकीला कोटा नव्हताच. तरी विचारणाऱ्याला आडनाव ऐकून जे जाणून घ्यायचं होतं, ते त्यानं घेतलं. मग लग्न झालं, दिवस गेले. नेमणूक ३१ मार्चला संपत होती, ती वाढवली गेली नाही. काढून टाकलं असं कुणी म्हणालं नाही, फक्त पुढचं पत्र निघालं नाही. तिनं दोन वर्षं ज्या नोंदी ठेवल्या, त्यांच्यावर निबंध छापून आला. त्यात लेखक म्हणून तिचं नाव नाही. शेवटी आभारात आहे, तेसुद्धा चुकीचं छापलेलं.

जाताना तिनं मला विचारलं, "मॅडम, तुम्ही समितीत आहात. यात मी तक्रार कशाची करू?"

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आहे, दहा-बारा वर्षं हेच काम करते आहे. मला उत्तर देता आलं नाही. कुणी तिच्या अंगाला हात लावला नव्हता, शिवी दिली नव्हती. लैंगिक छळाच्या कायद्यात बसेल असं काहीच नव्हतं. एकेक गोष्ट घेतली तर क्षुल्लक. सगळ्या मिळून मात्र एक मुलगी विज्ञानातून बाहेर गेली. आज ती तालुक्याच्या गावी खासगी शिकवण्या घेते.

हीच गोष्ट मी त्या दिवशी व्यासपीठावरून सांगितली, तपशील आणखी कमी करून. अध्यक्षांनी समारोपात उत्तर दिलं. सभ्य माणूस, मनात कपट नाही. म्हणाले, "विज्ञानाला जात नाही, लिंग नाही. आमचं दार सगळ्यांना उघडं आहे. निकष एकच, गुणवत्ता. आता बायकांचे अर्जच येत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?"

या तीन वाक्यांवर आपल्याकडच्या बहुतेक विज्ञान संस्था उभ्या आहेत. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

विज्ञानाला जात नाही, लिंग नाही. नसेलही. विज्ञान संस्थांना मात्र आहे, आणि पहिल्यापासून आहे. लंडनची रॉयल सोसायटी १६६० मध्ये स्थापन झाली. १९०२ साली हर्था आयर्टन या भौतिकशास्त्रज्ञ बाईचं नाव फेलो म्हणून सुचवलं गेलं, तेव्हा सोसायटीनं वकिलांचा सल्ला घेतला आणि विवाहित स्त्री फेलो होऊच शकत नाही असं ठरवलं. चार वर्षांनी त्याच सोसायटीनं त्याच बाईंना पदक दिलं. म्हणजे काम चालतं, बाई चालत नाही! पहिल्या दोन स्त्रिया फेलो व्हायला १९४५ साल उजाडलं. पॅरिसच्या अकादमीनं १९११ साली मेरी क्यूरींना थोडक्या मतांनी हरवलं. त्याच वर्षी त्यांना दुसरं नोबेल मिळालं. त्या अकादमीची पहिली पूर्ण सदस्य स्त्री निवडली गेली ती १९७९ साली.

आपल्याकडे काय? भारतीय विज्ञान परिषदेचं पहिलं अधिवेशन १९१४ चं, पहिली स्त्री अध्यक्ष असीमा चॅटर्जी, १९७५ साली. राष्ट्रीय विज्ञान अकादमी १९३५ ची, पहिली स्त्री अध्यक्ष चंद्रिमा शहा, २०२० साली. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद १९४२ ची, पहिली स्त्री महासंचालक एन. कलैसेल्वी, २०२२ साली. या तिघींचा अभिमान जरूर बाळगू. पण साठ, पंच्याऐंशी, ऐंशी वर्षं एकही बाई लायक नव्हती का, हा प्रश्न अभिमानाखाली दडपू नये.

आणि जात? मेघनाद साहा कलकत्त्याला शिकायला आले तेव्हा हिंदू वसतिगृहात सवर्ण मुलांनी त्यांना आपल्या पंगतीला बसू दिलं नाही. त्याच साहांनी १९२० साली ताऱ्यांच्या प्रकाशाचं कोडं उलगडणारं समीकरण मांडलं, आणि या देशात विज्ञान अकादमी उभ्या करण्यात पुढाकार घेतला. ज्याला पंगतीतून उठवलं, त्यानंच पुढे पंगत मांडली. पण त्या पंगतीत आज कोण बसतं? केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशासाठी २००६ साली आरक्षणाचा कायदा झाला, अध्यापकांच्या पदांसाठी २०१९ साली. दोन्ही कायद्यांना अपवादांची यादी जोडली आहे, आणि त्या यादीत देशातल्या काही अत्यंत नामवंत संशोधन संस्था आहेत. जिथं ज्ञान तयार होतं, तिथं सामाजिक न्याय चालणार नाही, असंच त्या यादीनं म्हटलं आहे.

दुसरं वाक्य. निकष एकच, गुणवत्ता. गुणवत्तेला माझा विरोध नाही. माझा प्रश्न आहे की पट्टी कुणी बनवली? अॅना मणी या हवामानशास्त्रज्ञ. रामन यांच्याच प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांच्या प्रकाशावर काम केलं, निबंध छापले, १९४५ साली प्रबंध सादर केला. मद्रास विद्यापीठानं पीएच.डी. नाकारली, कारण त्यांच्याकडे एम.एस्सी. नव्हती. प्रबंधाच्या दर्जाबद्दल आक्षेप नव्हता, आक्षेप कागदाचा होता. पुढे त्याच बाईंनी देशाच्या हवामान खात्याची उपकरणं घडवली.

आजच्या पट्ट्या पाहा. शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराला ४५ वर्षांची वयोमर्यादा होती. 'तरुण शास्त्रज्ञ' म्हणून दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांत ती आणखी खाली येते. नियम सगळ्यांना सारखा, असं म्हणता येईल. पण तिशी ते चाळिशी या दहा वर्षांत पुरुषाचं संशोधन बहरतं, आणि बाईची तीच वर्षं बाळंतपण, मुलं, नवऱ्याची बदली आणि सासू-सासऱ्यांच्या आजारपणात जातात. त्या पुरुषाच्या घरचंही हे सगळं कुणीतरी करतच असतं. ते कोण करतं, हे त्याच्या गुणवत्तेच्या हिशेबात कधी धरलं जातं का?

तिसरं वाक्य. अर्जच येत नाहीत. २०२१-२२ च्या सरकारी उच्चशिक्षण पाहणीत विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते, त्यांतल्या २९.८ लाख मुली. निम्म्याहून जास्त! आणि संशोधन-विकासाच्या प्रत्यक्ष कामात स्त्रिया किती? सरकारच्याच २०१८ च्या आकडेवारीनुसार १६.६ टक्के. मुलींना विज्ञान नको असतं, ही थाप आता पुरे झाली. मुली येतात. मधल्या मधे त्या जातात कुठं?

मी त्या संस्थेचा सभासदत्वाचा अर्ज मागून घेतला. साधा, दोन पानी. फेलो व्हायचं तर एक सूचक आणि दोन अनुमोदक हवेत, तिघंही विद्यमान फेलो. अर्जात 'बायकांना बंदी' असं कुठंही नाही. पण फेलो बहुतेक पुरुष, बहुतेक एकाच दोन जातींचे, एकमेकांचे विद्यार्थी किंवा गुरुबंधू. ते कुणाचं नाव सुचवणार? ज्याला ते ओळखतात त्याचं. ज्याच्यासोबत बैठकीनंतर रात्री जेवायला जातात त्याचं. मराठवाड्यातून आलेल्या, नऊच्या आत वसतिगृहावर पोहोचणाऱ्या मुलीला सूचक कुठून मिळणार? दार उघडं आहे हे खरं. पण उंबऱ्यावर हात धरायला माणूस लागतो, आणि तो नात्यातलाच असावा लागतो.

आता थोडं आपल्याकडेही पाहू. त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर दोन ज्येष्ठ शास्त्रज्ञ बाई मला म्हणाल्या, "आम्हाला कधी भेदभाव जाणवला नाही हो." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या घरी पुस्तकं होती, वडील प्राध्यापक होते, कामाला बाई होती. पण त्याच सभागृहात मागं खुर्च्या मांडणाऱ्या आणि चहा देणाऱ्या चार बायका होत्या. त्या ठेकेदाराकडून येतात, रोज प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या धुतात, फरशा पुसतात. त्यांच्या हाताला गुलाबाचं फूल लागलं नाही. महिला दिनाच्या त्या यादीत त्या महिलाच नव्हत्या. लैंगिक छळाच्या कायद्यानं त्यांना कर्मचारी मानलं आहे. समितीचं पत्रक मात्र इंग्रजीत, ग्रंथालयाच्या फळ्यावर, आणि ग्रंथालयात त्यांना जायचं कारणच नाही. हे पत्रक मराठीत करा असं मी दोन वर्षं सांगत होते. पहिल्या वर्षी मी स्वतः ते करून का चिकटवलं नाही, हा दोष माझा आहे. स्त्रीमुक्तीची भाषा बोलणाऱ्या आपण सवर्ण, शहरी बायकांना वर चढणाऱ्या बाईची काळजी जितकी वाटते, तितकी फरशी पुसणाऱ्या बाईची वाटत नाही.

काही मैत्रिणी म्हणतील, शास्त्रज्ञांच्या मानपानाशी आपल्याला काय करायचं? हुंडा आहे, पाणी आहे, रेशन आहे. पण आठवून पाहा, आपल्या चळवळीची कितीतरी भांडणं विज्ञानाशीच झाली. गर्भजलपरीक्षेविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८८ साली देशातला पहिला कायदा महाराष्ट्रात झाला. संततिनियमनाची इंजेक्शनं बायकांवर कशी तपासली जातात, याविरुद्ध संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिकडे अमेरिकेत १९७७ पासून १९९३ पर्यंत मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याचं सरकारी धोरण होतं. औषध बायकाही घेणार, मोजमाप पुरुषांच्या शरीरावर! कुठला प्रश्न संशोधनाला योग्य, कुणाचं दुखणं मोजायचं, हे या संस्थांच्या बंद खोल्यांत ठरतं. त्या खोलीत कोण बसतं हा मानपानाचा प्रश्न नाही, आपल्या शरीराचा आणि भाकरीचा आहे.

मग करायचं काय? उपाय विज्ञानाकडेच आहे. मोजणं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत नॅन्सी हॉपकिन्स नावाच्या जीवशास्त्रज्ञ बाईंना प्रयोगासाठी थोडी जास्त जागा हवी होती. मिळेना. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मोजपट्टी घेतली आणि रात्री फिरून सगळ्यांच्या प्रयोगशाळा मोजल्या. बायकांना पुरुषांपेक्षा कमी जागा मिळाली होती. मग सोळा जणी एकत्र आल्या, पगार, जागा, समित्या सगळं मोजलं गेलं, आणि १९९९ साली संस्थेनं अहवाल छापून भेदभाव झाल्याचं कबूल केलं. त्या बाई भाषणं करत बसल्या असत्या तर 'फार टोकाचं बोलतात' एवढंच झालं असतं.

मी त्या संस्थेला लेखी सहा मागण्या दिल्या आहेत. त्या इथं देते, म्हणजे इतरांना वापरता येतील.

१. फेलो, कार्यकारिणी, निवड समित्या, पुरस्कार आणि व्याख्याते यांत स्त्रिया, दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, इतर मागास, अल्पसंख्य, अपंग आणि तृतीयपंथी व्यक्ती किती, हे माणसांनी स्वतः दिलेल्या माहितीवरून, नावं न देता, दरवर्षी मोजा आणि वार्षिक अहवालात छापा. जमाखर्च छापता, तसंच हे.

२. सूचक-अनुमोदकाची अट काढा, नाहीतर स्वतःचं नाव स्वतः सुचवण्याची मुभा द्या. निवड समितीत एकाच प्रयोगशाळेची माणसं नकोत.

३. वयोमर्यादा काढून संशोधनाची प्रत्यक्ष वर्षं मोजा. बाळंतपण आणि आजारपणाची वर्षं वजा करा.

४. सभा आणि चर्चासत्रं संध्याकाळी पाचच्या आत संपवा. वसतिगृहाचं दार मुलामुलींना एकाच वेळी बंद करा. पाळणाघर काढा, आणि ते नळ्या धुणाऱ्या बाईच्या मुलालाही खुलं ठेवा. २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं पाळणाघर बंधनकारक झालं, म्हणजे यात उपकार काही नाही.

५. प्रकल्पावरच्या मुलीची नेमणूक गरोदरपणात संपत असेल, तर ती का वाढवली नाही हे लेखी द्या. निबंधावर कुणाचं नाव जाणार, हे काम सुरू होतानाच कागदावर ठरवा.

६. तक्रार समितीची माहिती मराठीत, हिंदीत, स्वच्छतागृहाच्या दारावर लावा. आणि जी तक्रार कुठल्याच कायद्यात बसत नाही, ती ऐकायला एक जागा करा.

यातल्या एकाही मागणीला इमारत बांधावी लागत नाही. पाळणाघराला एक खोली लागेल, आणि पाहुण्यांच्या गुलाबांचा खर्च वाचला तर पडदेसुद्धा येतील.

मागण्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवाव्यात असं मी सुचवलं आहे. अजून उत्तर नाही. तक्रार समितीच्या सदस्याची मुदत तीन वर्षांची असते, माझी या वर्षी संपते आहे. मुदतवाढीबद्दल आधी तोंडी सांगितलं होतं, ८ मार्चनंतर मात्र तो विषय निघालेला नाही. माझंही पुढचं पत्र बहुधा निघणार नाही. मला त्याचं दुःख नाही. मला दुसरं काम आहे, दुसरी संस्था आहे, तुम्ही आहात. त्या मुलीकडे यातलं काहीच नव्हतं.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणी अशा समित्यांवर बाहेरच्या सदस्य आहात. बैठकीला जाल तेव्हा भत्त्याच्या पावतीवर सही करण्याआधी एवढंच विचारा: गेल्या पाच वर्षांत इथून कोण कोण निघून गेलं, आणि त्याची नोंद कुठं आहे? नोंद नसेल तर ठेवायला लावा. आणि काय उत्तर मिळालं ते आपल्या अंकाला लिहून कळवा. आपण ते छापू. तिनं मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एकट्या माझ्याकडे नव्हतं, पण आपण सगळ्याजणी मोजायला बसलो तर ते सापडेल.